वरून ओतलेलं पाणी

निघायच्या सकाळी आईने माझी ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि कुणाचं काही न ऐकता टेकडी उतरायला लागली. तिच्यामागे वळकटी घेऊन मी, आणि माझ्यामागे आमचे हे, पोटाशी पितळी हंडा धरून. घाटकोपरची आमची वस्ती टेकडीच्या अंगावर चढत गेलेली आणि आमची खोली पार वरच्या बाजूला, त्यामुळे कुणीही गाव सोडून निघालं की त्याची वरात सगळ्यांच्या दारावरून जायची. बाया हातातलं काम टाकून उंबऱ्यात येत होत्या. "चालली का गं सुमे?" "पोचल्यावर कळव हां." खालच्या दारातल्या मावशींनी हंडा बघून विचारलं, "लडाखात भांडी मिळत न्हाईत व्हय?" मान वळवली तर ट्रंक कलंडेल म्हणून आईने समोर बघतच उत्तर दिलं, "मिळत असतील. पर आपलं पानी आपल्या भांड्यात भरल्यालं बरं."

हे सरकारी खात्यात वायरमन होते. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच त्यांची बदली लेहला झाली आणि मी परत आईकडे येऊन राहिले. आता तिथे खोली मिळाली म्हणून ते मला न्यायला आले होते. ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. आमच्या टेकडीवर लेह पाहिलेलं एकही माणूस नव्हतं. आईला एवढंच कळलं होतं की तिथे डोंगर आहेत आणि तिथली माणसं बुद्धाला मानतात, आणि या दोन गोष्टींवर तिची सगळी काळजी मिटली होती. मी टॅक्सीत बसले तेव्हा तिने जुन्या लुगड्याची चुंबळ हंड्यात कोंबली आणि म्हणाली, "डोंगराचं तुला काय नवाल? जलमल्यापास्नं चढतीयास." मलाही तसंच वाटत होतं. खरं सांगायचं तर चांगला माज होता मला.

तो माज कशाचा ते टेकडीवर राहिलेल्यांना सांगायला नको. पण तुमच्यातल्या ज्या आता फ्लॅटमध्ये गेल्या, त्यांच्यासाठी लिहिते. नळ पायथ्याशी होता. हंडा डोक्यावर, कळशी कमरेवर, आणि एकदा चढायला लागलं की मध्ये थांबायचं नाही. वाट अरुंद, कडेने गटार, आणि भरलेला हंडा एकदा खाली टेकवला की तो परत डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. म्हणून जी मध्येच टेकवायची तिची दिवसभर टिंगल व्हायची. मी कधी टेकवला नाही. गप्पा मारत चढायचे, पुढचीला "चल ना गं, झोपलीस का" म्हणून ढोसायचे आणि वर पोचल्यावर धापसुद्धा टाकायची नाही.

आईला मात्र असल्या शर्यतीत रस नव्हता. तिचं पाण्याचं सगळं वेगळंच होतं. नगरकडच्या त्यांच्या गावात तिने लहानपणी विहिरीपासून लांब बसून वाट बघितली होती. कुणी भल्या घरची बाई येईल, पोहरा ओढेल, आणि वाटलं तर हिच्या मडक्यात वरून पाणी सोडेल. भांड्याला भांडं लागू नये म्हणून त्या बाया आपल्या घागरी आधी बाजूला ओढून घ्यायच्या. नाही वाटलं तर ऊन उतरेपर्यंत बसायचं. आमच्या माणसांनी धम्म घेतला तेव्हा मी आईच्या पोटात होते. पुढे आईबाबा मुंबईला आले. म्युनिसिपालटीच्या नळाचं तिला केवढं अप्रूप! तोटी आपल्या हाताने फिरवायची आणि आपलं भांडं आपण खाली धरायचं. ताप आलेला असला तरी शेजारणीला पाणी आणू द्यायची नाही. मला म्हणायची, "आपलं पानी आपन भरायचं, सुमे. कुनी वरनं वताया नगं."

जम्मूपासून बसने श्रीनगर, कारगिल असं करत आम्ही लेहला पोचलो. खोली गावाच्या वरच्या टोकाला होती, एका लडाखी घराच्या अंगणात. समोर घरमालकीण राहायची, आईच्याच वयाची. तिला सगळे आमा-ले म्हणायचे. आमा म्हणजे आई, आणि मागे लावलेला ले म्हणजे आपला जी. पाणी खालच्या ओढ्यावरून आणायचं. तो चढ मी बसमधून उतरतानाच बघून घेतला आणि मनात हसले. आमच्या टेकडीच्या निम्मासुद्धा नव्हता.

"ए बाई," हे म्हणाले, "दोन-तीन दिवस गप पडून राहायचं. इथे हिरोगिरी नाय चालत, भल्याभल्यांची वाट लागते."

पडून राहण्यावाचून इलाजही नव्हता. डोकं ठणकत होतं. अंथरुणाची घडी घालायला उठले तर छाती भात्यासारखी चालायला लागली. श्वास घेत होते, पण तो आत पुरेसा जातच नव्हता. एक वाक्य बोलायला दोनदा थांबावं लागत होतं आणि समोरचा माणूस दम खाऊन माझं उरलेलं वाक्य यायची वाट बघायचा. मला ते बाकी दुखण्यापेक्षा जास्त लागलं. सव्वीस वर्षांची धडधाकट बाई मी, आणि केसांची वेणी घालताना मध्ये हात खाली घेऊन बसत होते.

त्याच संध्याकाळी आमा-ले आली. पाठीवर दोरीने बांधलेला पाण्याचा डबा. भांडं आण, असं तिने खुणेने सांगितलं. मला उभं राहवेना, म्हणून हंडा पुढे सरकवून मी उंबऱ्याशीच बसले. ती खांद्यावरून पुढे वाकली आणि डब्यातलं पाणी वरून माझ्या हंड्यात पडायला लागलं. मी खाली बसलेली, ती वर उभी. आईने इतक्या वेळा सांगितलेलं चित्र, आणि त्यात आईच्या जागी मी. आमा-ले हसून काहीतरी म्हणाली. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे कामावर गेल्यावर मी चुंबळ डोक्यावर ठेवली आणि हंडा घेऊन ओढ्यावर गेले. पाणी इतकं गार होतं की हात बधिर झाले. हंडा उचलून डोक्यावर घेतला आणि घाटकोपरच्या चालीने चढायला लागले. ओढ्यावरच्या बाया ओरडून काहीतरी सांगत होत्या. मला वाटलं, हिला जमतंय म्हणून कौतुक चाललंय. पहिल्या वळणाला कानात ठोके वाजायला लागले. थांबायला हवं होतं, पण थांबणं माझ्या अंगातच नव्हतं. दुसऱ्या वळणाच्या आधीच डोळ्यांपुढे काळं झालं. हंडा गेला तो खडखडत पार ओढ्यापर्यंत. त्याचा आवाज मला ऐकू येत होता आणि मी रस्त्यावर गुडघे टेकून ओकत होते.

वर मला आमा-लेने आणलं. पाठीवर घालून. पाण्याचा डबा बांधायची त्याच दोरीने मला बांधून. तिच्या कानाशी माझं तोंड होतं आणि मला वास येत होता धुराचा आणि लोकरीचा. प्रत्येक वळणाला ती थांबायची, उभ्यानेच दम घ्यायची, "कुले, कुले" म्हणायची आणि मग पुढचं पाऊल टाकायची. कुले म्हणजे हळू, हे मला नंतर कळलं. आईच्या वयाच्या बाईच्या पाठीवर बसून मी माझ्या पाण्याच्या वाटेवरून घरी आले. त्या वेळी मला कुणी तिथेच सोडून गेलं असतं तर बरं वाटलं असतं.

त्यानंतर रोज सकाळी दाराशी भरलेला डबा असायचा. आमा-ले दार वाजवायची नाही, ठेवून जायची. ते पाणी मला घ्यायचं नव्हतं. हे संध्याकाळी दमून आले की मी त्यांना ओढ्यावर पाठवायची. "अगं, दारात पाणी आहे ना यार," ते वैतागायचे, पण जायचे. डबा तर रिकामा करून परत द्यायला हवा. मग मी तो अंगणातल्या मुळ्याच्या वाफ्यात ओतायची. वाफा आमा-लेचाच. म्हणजे तिने चढून वर आणलेलं पाणी मी तिच्याच मुळ्याला घालत होते आणि मला वाटत होतं मी आईचा शब्द पाळतेय. एका सकाळी डबा उपडा करून मी वर बघितलं तर ती गच्चीवर उभी होती. दुसऱ्या दिवसापासून डबा यायचा बंद झाला.

थोडी ताकद आल्यावर मी छोटी कळशी घेऊन ओढ्यावर जायला लागले. आमा-ले तिथे डबा भरत होती. मी शेजारी टेकले, तशी तिने झटकन आपला डबा बाजूला ओढून घेतला, माझ्या कळशीला लागू नये असा. माझ्या अंगाचा भडका उडाला. इथेही पोचलं? यांच्या ऑफिसातल्या कुणीतरी आमची जात सांगितली असणार, आणि बुद्धाच्या घरातसुद्धा तेच! मी कळशी अर्धीच भरून, धापा टाकत घरी आले आणि एकटीच भांडत बसले, आईच्या गावातल्या सगळ्या बायांशी.

आमा-लेची सून यांगचेन शाळा शिकलेली, हिंदी बोलायची. ती वाळत घातलेले कपडे काढायला अंगणात आली तेव्हा मी तिला गाठलं. म्हटलं, तुझ्या सासूने डबा का ओढला? मला वाटलं ती चाचरेल. ती उलट अवघडून माझ्याचकडे बघायला लागली. "आमा-ले बोलती है, आप लोगों में हमारे हाथ का पानी नहीं चलता ना. इसलिए आप फेंकती थीं. पहले भी एक परिवार आया था नीचे से. उनके बर्तन को हमारा बर्तन लग जाए तो धोते थे. आमा-ले ने सोचा, आपका बर्तन खराब न हो." मग जरा थांबून तिने विचारलं, "आप भी बड़ी जात के हो ना?"

याच्या पुढचं लिहायला जड जातं. हे ऐकून मला लाज वाटायला हवी होती आणि ती वाटलीच, पण आधी नाही. आधी क्षणभर बरं वाटलं. कुणीतरी मला बघून मोठी जात म्हणालं होतं. माझ्या सात पिढ्यांत कुणाला कुणी हे विचारलं नव्हतं. मी यांगचेनला म्हणाले, "नहीं नहीं, ऐसा कुछ नहीं." याचा अर्थ काय वाटेल तो घ्या. तिने तिला हवा तो घेतला आणि कपड्यांची चळत उचलून आत गेली.

रात्रभर मी त्या क्षणभराला शिव्या घातल्या. सकाळी उठून आमा-लेच्या स्वयंपाकघरात गेले आणि चुलीपाशी जमिनीवर बसले. ती चकित होऊन बघत राहिली. मला तिची भाषा येत नव्हती. मी ओंजळ पुढे केली आणि पाण्याच्या भांड्याकडे मान हलवली. आईने जन्मभर जी धरू नको म्हणून सांगितलं तीच ओंजळ. मला वाटलं, ती वरून पाणी सोडेल, मी पिईन आणि फिट्टंफाट होईल. आमा-लेने भांडं उचललं, माझे हात बघितले आणि चापट मारून ते खाली केले. मग आपल्या झग्याच्या ओच्यातून लाकडी पेला काढला. तिकडे जुन्या माणसांचा पेला ज्याचा त्याचा असतो, कायम अंगावर बाळगतात. तो तिने बाहीने पुसला, पाण्याने भरला आणि माझ्या हातात दिला. मी प्यायले. तिने तो परत भरला.

पुढे तिनेच मला पाणी चढवायला शिकवलं. डोक्यावर नाही, पाठीवर. वळण आलं की थांबायचं, दमली नसलीस तरी थांबायचं. मी पुढे जायला लागले की मागून माझी वेणी ओढायची. ओढ्यावरून परत आणलेल्या हंड्याला पोचे पडले होते. त्यात मी तांदूळ भरून ठेवले. हिवाळ्यापर्यंत अख्खा डबा वर नेता यायला लागला. मी बडी जात नाही, हे मात्र तिला सांगितलं नाही. रोज तिच्या पेल्यातून चहा प्यायचा आणि रोज तेवढं सांगायचं बाकी ठेवायचं, असा तो हिवाळा गेला.

वसंतात यांना रजा मिळाली आणि आम्ही घाटकोपरला आलो. नळावरून हंडा घेऊन निघाले तर टेकडी मला सपाट वाटली. इतकी हवा होती त्या चढावर! बाया बघत राहिल्या. आई कळशी घेऊन माझ्या मागे होती. अर्ध्या वाटेवर वळण आलं आणि मी काही विचार न करता थांबले, वस्तीतल्या पोरीला हात लावायला सांगून हंडा खाली उतरवला.

"टेकवलास?" आईने डोळे मोठे केले. पण तिलाही चांगलीच धाप लागली होती. कळशी ठेवून ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. तिथे बसून मी तिला सगळं सांगितलं. पडलेला हंडा, मुळ्याचा वाफा, ओढलेला डबा, पेला. मला वाटलं होतं ती ओंजळीवरून चिडेल. तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

"आपन कोन ते सांगितलंस तिला?"

"न्हाई."

"का?"

मी हंड्याच्या काठावरचं पाणी बोटाने निपटलं. तिला माझं तोंड बघूनच कळलं असावं. तिने पदराने मान पुसली. मग म्हणाली, "मला पानी घालनाऱ्या बाया माझ्याकडं बघत नव्हत्या, सुमे. ही तुझ्याकडं बघून दिती. आन् तू तिला फसवून पितीस व्हय?" उठताना तिने कळशी कमरेवर घेतली. "जाशील तवा सांग. पेला काढून घेतला तर घिऊ दे."

परत गेल्यावर मी यांगचेनला मध्ये बसवून सांगितलं. विहीर, लांब बसलेली आई, बाजूला ओढलेल्या घागरी. यांगचेन सांगताना दोनदा अडखळली. आमा-ले चुलीत शेण्या सारत ऐकत होती. सगळं झाल्यावर तिने एकच विचारलं, की विहीर चढावर होती का. मी म्हटलं, नाही, सपाटीवर, घराजवळच. "मग का नाही भरू दिलं?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता ओच्यातून पेला काढून चहा ओतला. मला रडू यायला लागलं. पितळी हंड्याला पडलेल्या पोच्यांवरून यांगचेनने माझी थट्टा केली, तेव्हा कुठे थांबलं.

हे इथेच संपलं असतं तर मी छाती पुढे काढून तुम्हाला सांगितलं असतं. पण त्याच उन्हाळ्यात त्या घरी लग्न निघालं. मला ओसरीत आमा-लेच्या शेजारी बसवलं होतं. वाजंत्री आले, ढोल आणि सनई घेऊन. ते आत आले नाहीत, दाराशीच बसले, सगळ्यांच्या खाली. त्यांनी आपापले पेले सोबत आणले होते. वाढणारा पोरगा त्यांच्यापाशी गेला आणि भांडं उंच धरून त्याने वरून ओतलं, त्यांच्या पेल्याला लागू नये असं. मी आमा-लेकडे बघितलं. ती दुसऱ्या कुणाशी हसत होती. तिच्या लेखी त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

त्यांच्यात एक म्हातारा होता, माझ्या वडिलांच्या चणीचा. ओतणं चालू असताना तो पोराकडे न बघता पेल्याकडे बघत होता. मला उठून जाता आलं असतं. दारापर्यंत जायला चढ नव्हता, धापही लागत नव्हती. जाऊन शेजारी बसायचं आणि माझ्या हातातला पेला त्याच्यापुढे करायचा, एवढंच होतं. पण तो पेला आमा-लेचा होता, मोठ्या मुश्किलीने मिळालेला, आणि मला तो सोडवेना. मी दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि बसून राहिले.

आता मी मुलुंडला राहते. नळ स्वयंपाकघरातच आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. हे शेवटचं तिला मी कधी सांगितलं नाही. टेकडीवरचं आणि तिकडचं असं दोन्हीकडचं ऐकून लोक विचारतात, तुम्हाला घर कुठलं वाटतं? मी घाटकोपर सांगते, कारण तिथल्या पायरीवरून आई कळशी घेऊन उठली ते मला दिसतं. पण डोळे मिटले की मी असते लेहच्या त्या ओसरीत. ढोल वाजत असतात, हातात पेला असतो, आणि मी अजून उठलेली नसते.